पांगलेलं गाव

शाळेतून फोन आला तेव्हा मी फळ्यावर वर्तुळ काढत होते. वर्तुळाकार गती, प्रवेश परीक्षेत वेटेज दोन प्रश्न. वर्तुळ नेहमीसारखंच डाव्या बाजूला चपटं आलं होतं आणि समोरची ऐंशी पोरं ते तसंच चपटं आपापल्या वहीत उतरवून घेत होती. तासाला फोन घ्यायचा नाही असा आमच्या क्लासचा नियम आहे, पण माझ्या बालवाडीतल्या प्रियाच्या शाळेचा नंबर दिसला की माझे हात माझं ऐकत नाहीत. "मॅडम, घाबरू नका," तिच्या वर्गाच्या स्वामी मिस म्हणाल्या, आणि मी घाबरले. "तिला काही झालेलं नाही. खेळतीये. एकच विचारायचं होतं, म्हणजे राग मानू नका. तुम्ही घरी तिला बांधून ठेवता का?" मी "काय?" म्हणाले. इतक्या मोठ्यानं, की पहिल्या बाकावरच्या मुलीनं पेन खाली ठेवलं. "डाव्या पायाच्या घोट्याला वळ आहे. गोल. आज डान्ससाठी मोजे काढले म्हणून दिसला. त्याच्याखाली जुने पण आहेत, फिकट. ती म्हणते, आजी बांधते." मी "बघते" म्हणाले. फक्त बघते. फोन पर्समधे टाकला आणि फळ्याकडे वळून, आपला आवाज आपल्याच मागून यावा तसा, पुढचं वाक्य पूर्ण केलं: केंद्राकडे ओढणारं बल नाहीसं झालं, तर वस्तू त्या क्षणी सरळ रेषेत निघून जाते. लिहून घ्या. हे येतं.

तास संपायला बावीस मिनिटं होती आणि ती मी शिकवली. याचं मला नंतर फार नवल वाटलं. मी अशी बाई आहे की द्राक्षाचे चार तुकडे केल्याशिवाय लेकराच्या तोंडात घालत नाही, पंख्याचे स्क्रू महिन्याला स्टुलावर चढून तपासते, शेजारच्या खोलीतून तिचा खोकला मोजते. सगळे हसतात मला. नवरा म्हणतो, पुनम, तुला चार डोळे पाहिजे होते. आणि त्या चार डोळ्यांना आपल्याच मुलीच्या पायावरचा वळ दिसला नाही, तो दिसला महिन्यापूर्वी रुजू झालेल्या वीस वर्षांच्या पोरीला. फेब्रुवारी संपत आला होता, लातुरात दुपारी खिडकीच्या गजाला हात लावता येत नव्हता, तरी प्रिया दिवसभर मोजे घालून असायची; अंघोळही तिला सासूबाईच घालायच्या. मी विचारलंही होतं. सासूबाई म्हणाल्या होत्या, "फरशीवर मुंग्या हायत माय, चावत्यात लेकराला." मी त्यांना मनातल्या मनात धन्यवाद दिले होते. इतकं करतात, म्हटलं होतं. मुंग्यांची पावडर आणून चारही कोपऱ्यांत टाकली होती, आणि मुंगी एकही नाही याचं श्रेय पावडरीला दिलं होतं.

पायऱ्या उतरताना संगप्पा सर भेटले. क्लास त्यांचा. मूळचे उदगीरकडचे, बोलताना मधेच कानडी हेल लागतो आणि दर वाक्याला टक्केवारी. "मॅडम, शनिवारचं ते तुमचं ब्रह्मांड घ्या बरं का पुन्हा. नव्या बॅचला पण पाहिजे. पोरं फ्रेश होतात. फक्त सुरुवातीलाच सांगा, वेटेज नाही म्हणून. नाहीतर लिहीत बसतात." मी मान हलवली. विश्वाला वेटेज नाही. तेराशे ऐंशी कोटी वर्षांचं वय, आपल्याला दिसू शकेल एवढ्याच भागाचा पसारा नऊ हजार तीनशे कोटी प्रकाशवर्षं, आणि प्रश्न शून्य. या गावात ज्याला वेटेज नाही ते नसतंच. महिन्यातून एका शनिवारी, एक तास, पोरांची डोकी हलकी करायला म्हणून ते मला शिकवायला मिळतं, जसा परीक्षेच्या हंगामात कुणी योगावाला बोलावतात तसा. आणि त्या एका तासासाठी मी महिनाभर वर्तुळं काढते, हे मी कुणाला सांगत नाही.

रिक्षात बसले. उन्हानं सीटचं रेक्झिन तापलं होतं. मला उमरी आठवली, का कोण जाणे. उमरीला माझे पप्पा रेल्वेत की-मॅन होते, रुळाच्या कडेनं हातोडी घेऊन रोज कित्येक मैल चालायचे. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायची. गाडी आली की ते मला खाली उतरवून, दंडाला धरून उभे करायचे. एकदा म्हणाले, "ऐक. येताना गाडी किंचाळते, जाताना कण्हते. गाडी तीच." पुढे नांदेडला एमएस्सीला असताना सरांनी दूरच्या दीर्घिकांच्या, म्हणजे गॅलक्सींच्या, प्रकाशातला तांबडेपणा शिकवला, लांब जाणाऱ्याचा उजेड लाल पडतो म्हणाले, तेव्हा अख्ख्या वर्गात मला एकटीला दंडावर एक हात जाणवला. तो हात सहा वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून मला कुणी दंडाला धरून उभं केलेलं नाही. उलट माझ्यावरच वेळ आली धरायची, आणि मला धरता येत नाही. मला फक्त नजर ठेवता येते. हा फरक मला त्या रिक्षात पहिल्यांदा कळला, आणि कळून काही उपयोग झाला नाही.

सासूबाईंना मी अडाणी समजत होते असं नाही. धुरपताबाई त्यांचं नाव. किल्लारीकडच्या एका गावच्या. त्र्याण्णवच्या भूकंपात ते गाव पडलं आणि सरकारनं दोन कोसांवर नवीन बांधून दिलं. माझं लग्न झालं तेव्हा त्या त्याच नव्या गावात एकट्या राहायच्या. प्रिया झाली, मला क्लासची नोकरी मिळाली, आणि नवऱ्यानं त्यांना लातूरला आणलं. नवरा, धम्मानंद, जळकोटला तहसीलमधे कारकून आहे. शनिवारी रात्री येतो, सोमवारी पहाटे जातो. म्हणजे घर आम्हा तिघींचं. गेल्या जूनमधे मी पहिल्यांदा तो शनिवारचा तास घेणार होते, आणि स्वयंपाकघरात उभी राहून तयारी करत होते. फुगा आणला होता. फुग्यावर पेनानं ठिपके काढायचे, फुगवायचा, ठिपके एकमेकांपासून लांब जातात ते दाखवायचं. सगळ्या पुस्तकांत हेच असतं. सासूबाई खाली बसून अंबाडी निवडत होत्या. फुगा फुटला. त्या जागच्या जागी अर्ध्या उठल्या, एक हात दाराकडे आणि एक प्रियाकडे, आणि तशाच थांबल्या. मग परत बसल्या. अंबाडीची पानं सगळीकडे पसरली होती.

"काय करायलीस गं माय तू?"

मी सांगितलं. उगाच, गंमत म्हणून. सगळ्या दीर्घिका एकमेकींपासून लांब चालल्या आहेत. पण त्या कुठं चालत नाहीत. प्रत्येक जण आपल्या जागीच आहे. मधली जागाच वाढतीये.

"आन मदला कोन हाय?"

"मधला कुणीच नाही, आई. ज्याच्या दारात उभं राहाल त्याला वाटतं, मी इथंच आहे आणि बाकीचे लांब गेले."

त्या पानं गोळा करत राहिल्या. "आमचं गाव बी असंच केलं की," म्हणाल्या. "जुन्या गावात भितीला भित. गुणाबाईनं तव्यावर भाकर टाकली की मला इकडं वास. नव्या गावात रस्तेच केले की गं एवढाले, ट्रक वळंल एवढे. कोन वळिवनार व्हतं ट्रक? ज्याला रान मोठं त्याला घर मोठं, आमाला रानच न्हाई, आमचं सगळ्यात ल्हान, सगळ्यात श्येवटाला. म्या दारात हुबी राह्यले आन बगितलं तर समदं गाव पांगलं. कोनी भांडून गेलं न्हाई. कोनी हाललंच न्हाई. मदीच वाढलं." मग हसल्या, दात नसलेल्या बाजूनं. "जुन्या गावात आमी बौद्धच तेवढे गावाभाईर व्हतो. नव्या गावात समद्यांलाच भाईर केलं. येवडं एक चांगलं झालं."

मी फुगे परत पिशवीत घातले. शनिवारी मी फळ्यावर गाव काढलं. आधी चिकटून चिकटून घरं, मग लांब लांब तीच घरं, आणि शेवटच्या घराच्या दारात एक बाई. सासूबाईंचंच बोलणं, त्यांच्याच हेलात. भाकरीचा वास सांगितला, ट्रक सांगितला. पोरं पोट धरून हसली, मग एकदम गप्प झाली, मग त्यांना कळलं. मला ते दिसलं, ऐंशी चेहऱ्यांवर एकाच वेळी. मी फिजिक्स शिकले ते त्या एका मिनिटासाठी. दर तेहतीस लाख प्रकाशवर्षांमागे सेकंदाला सत्तर किलोमीटर, म्हणाले, म्हणजे लातूरहून नांदेड दोन सेकंदांत. त्यावर शिट्ट्या पडल्या. एका मुलीनं विचारलं, मॅडम, मग आपण पण पांगतोय का? हे बाक? आमचं घर? मी म्हणाले, नाही. जे जवळ असतं ते एकमेकांच्या ओढीनं धरलेलं असतं. बाक पांगत नाही, पृथ्वी सूर्यापासून पांगत नाही, आपली दीर्घिकासुद्धा पांगत नाही. पांगतं ते फक्त फार लांबचं. जवळचं कधीच लांब जात नाही. किती ठासून सांगितलं मी हे. क्लासवाल्यांनी त्या तासातली दोन मिनिटं मोबाइलवर टाकली आणि तेव्हापासून मी किल्लारीवाल्या मॅडम झाले. जिचं किल्लारीशी काही नाही, जी भूकंपानंतर वर्षानं उमरीत जन्मली, ती.

धम्मानंदनं ती क्लिप आईला दाखवली. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरून पाहिली, दोनदा. म्हणाल्या, "माजंच गाव हाय की." मग थोड्या वेळानं, "लेकरं हासायलीत कामून पर?" मी म्हणाले, तुमच्या बोलण्याची गंमत वाटली त्यांना. "हाव का," म्हणाल्या आणि मोबाइल उलटा करून ठेवला. तो विषय तिथंच संपला असं मी धरून चालले. मला धरून चालायची सवय आहे.

कुलपाला माझी दुसरी किल्ली लावून मी हळूच आत गेले, चोरासारखी, माझ्याच घरात. पुढच्या खोलीत कूलरचा आवाज आणि ओल्या वाळ्याचा वास. दोघी सतरंजीवर झोपल्या होत्या. शाळेचा फोन बाराच्या सुमाराला आलेला, तिला साडेबाराला घरी सोडून गेलेले, आता सव्वा. जेवून लगेच झोपल्या असणार. प्रिया उताणी, तोंड उघडं, एक हात डोक्यावर. सासूबाई कुशीवर. मधे हातभर सतरंजी, आणि त्या हातभर सतरंजीवरून गेलेली परकराची नाडी, पिवळी, नायलॉनची: एक टोक पोरीच्या डाव्या घोट्याला, दुसरं म्हातारीच्या मनगटाला. गाठ घट्ट नव्हती. हे मी आता लिहिते आहे. तेव्हा दिसलं नाही. तेव्हा मला गोठ्यातलं दावं दिसलं. मी खाली बसून नाडी सोडायला लागले आणि पहिल्या ओढीलाच सासूबाई उठल्या. डोळे उघडायच्या आधी उठल्या. "पळ!" म्हणाल्या आणि पोरीला छातीशी ओढून दारापर्यंत गेल्या, नाडी मागे फरफटत. प्रिया रडायला लागली. मी "मी आहे, आई, मी आहे" म्हणत होते आणि त्यांना ते ऐकू येत नव्हतं.

मग त्या दारात खाली बसल्या. मी प्रियाला घेतलं, मोजा काढला. वळ. जांभळट लाल, बांगडीएवढा, आणि खाली दोन फिकट.

"कधीपासून?"

"दुपारचंच फकस्त. निजंपुरतं."

"कधीपासून ते विचारलं मी."

"आल्यापासून," त्या म्हणाल्या. "चिंधी असती गं माय जुन्या लुगड्याची, मऊ. वळ उमटत न्हाई. ती धुयाला टाकली की त्या दिशी नाडी घ्येती. चुकलं ते माजं. नाडी घ्यायाची नव्हती."

त्यांना वाटत होतं चूक नाडीची आहे. मला त्याचाच भयंकर संताप आला. मी म्हणाले, माझी मुलगी म्हणजे शेळी आहे का? शाळेत विचारतात, आम्ही घरी बांधून ठेवतो का. मी काय सांगू? मोजे कशाला घातले, मुंग्यांची थाप कशाला मारली? म्हणजे तुम्हाला माहीत होतं की हे चुकीचं आहे. त्यांनी मनगटाची नाडी सोडून बाजूला ठेवली. नंतर, फरशीकडे पाहत, सांगायला लागल्या, मी विचारलेलं नसताना. लुंबिनीचं. मला नाव माहीत होतं, तसबीर नव्हती. नवऱ्याची थोरली बहीण, भूकंपात गेली, चार वर्षांची. एवढंच मला लग्नात कुणीतरी सांगितलं होतं, जेवणाच्या पंगतीत. "धम्माला ताप व्हता," त्या म्हणाल्या. "त्याला कुशीत घ्येतलं म्हनून लुंबीला त्या अंगाला निजवलं, भितीकडं. हातभरच. पाह्यटंचा आवाज आला आन म्या हात लांब केला. लांब केला गं म्या. माती पडायच्या आधी केला. तर हात पुरला न्हाई. ती झोपंत लोळत लोळत सरकली व्हती. येवडीशी. म्या हाक मारली, तिनं ओ दिली. मंग दुसरी हाक मारली."

आणि इथं मी ते वाक्य म्हणाले. माझ्या तोंडून ते आलं, दुसऱ्या कुणाच्या नाही. "तुमची गेली म्हणून माझीला बांधायची का?"

कूलरमधलं पाणी संपलं होतं, पंप कोरडा घरघरत होता. धुरपताबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर बरं झालं असतं. "न्हाई," म्हणाल्या. "माजी मोकळीच व्हती."

संध्याकाळी मी नवऱ्याला फोन केला. तो जळकोटच्या खोलीवर खिचडी लावत होता, कुकरची शिट्टी मधे मधे. सगळं ऐकून तो म्हणाला, "अगं, मला पण बांधायची की. पाचवी-सहावीपर्यंत. आम्ही नव्या घरापुढं पत्र्याच्या शेडात झोपायचो. मी उठून मुतायला निघालो की तिचा हात पण निघायचा." हसत होता. मी विचारलं, म्हणजे तुला माहीत होतं? ती प्रियाला बांधत असेल हे? तो म्हणाला, "माहीत म्हणजे... वाटलं असंल बांधत. मी काय मेलो का त्यानं?" मी म्हणाले, आपण काय करायचं आता ते सांग. "तू ठरव. तू शिकलेली आहेस. म्हणशील तर ऱ्हाऊ दे, म्हणशील तर गावाकडं सोड. तिला बी तिकडंच बरं वाटतं तसं." त्याच्या आईला कुठं बरं वाटतं हे त्यानं तिला कधी विचारलं होतं, मला माहीत नाही. कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि त्यानं फोन ठेवला.

ठरवायचं मलाच होतं. सासूबाई राहिल्या तर मी क्लासला असताना माझा जीव त्या सतरंजीवर राहणार. त्या गेल्या तर प्रियाला डे-केअर, नाहीतर माझा फळा बंद. सात दिवस मी पाहत राहिले. मी क्लासमधून तीन-तीन फोन करायचे. त्या सांगायच्या, "न्हाई बांदली गं. बसल्ये तिच्यापाशी. तू शिकीव." आठव्या दिवशी लवकर घरी आले तर प्रिया झोपलेली, आणि सासूबाई तिच्या पायथ्याशी भिंतीला टेकून, जाग्या, डोळे लाल, पोरीचा पाय दोन्ही हातांत धरून. आठ दिवस दुपारी त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. दुसरी एखादी बाई तिथं विरघळली असती. मी पाहिलं की त्यांची बोटं थरथरताहेत, झोप न झाल्यानं, आणि मनात आलं: ही म्हातारी उद्या गॅसपाशी चक्कर येऊन पडेल, आणि जवळ माझी मुलगी असेल. त्या रविवारी मी डे-केअर ठरवलं. चौथ्या मजल्यावर, कॅमेरे आहेत, मोबाइलवर दिवसभर दिसतं. मला नजर ठेवता येते.

सासूबाईंना हे आणि त्यांना गावाकडं सोडायचं सांगितलं तेव्हा त्या पोहे धूत होत्या. "बरं," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "उन्हाळ्यापस्तोर ऱ्हाऊ का? उन्हात लेकराला नेऊ-आनू नगंस." मी म्हणाले, व्हॅन येते आई, एसीची. "मंग बरंच हाय."

प्रियाला बरोबर घेऊन मी त्यांना सोडायला गेले, कारण तिला कुठं ठेवणार. एसटीनं गेलो. फाट्यावर उतरून गावात चालत. नवं गाव मी दोन-तीनदाच पाहिलं होतं, तेही लग्नाच्या गडबडीत. आता त्या रस्त्यानं चालताना माझ्या लक्षात आलं, मी फळ्यावर जे काढलं होतं ते फार लहान होतं. रस्ता खरंच ट्रक वळेल एवढा. दोन्हीकडं एकसारखी घरं, आकड्यांची, आणि घरा-घरांच्या मधे बाभळी, उकिरडे, नुसतं ऊन. दूर एका दारात एक बाई उभी होती. तिनं हात वर केला, काहीतरी म्हणाली, आणि आम्हाला काही ऐकू आलं नाही. फार लांबच्या काही दीर्घिका अशा आहेत की तिथून आज निघालेला उजेड आपल्यापर्यंत कधीच पोचणार नाही. मधली जागा उजेडापेक्षा जोरात वाढते. हे वाक्य मी त्या शनिवारी फार सुंदर म्हटलं होतं, हात पसरून. सासूबाई थांबल्या आणि ओरडल्या, "आले वापस, गुणाबाई! करमंना बाई शहरात! सून लई म्हनली ऱ्हावा ऱ्हावा, पर म्याच आयकलं न्हाई!" मग माझ्याकडं न बघता पुढं चालायला लागल्या. गुणाबाईला ते ऐकू गेलं असेल असं वाटत नाही. तरी त्या ते बोलल्या, माझी अब्रू झाकायला. मला ती झाकलेली अब्रू अंगावर ओल्या कपड्यासारखी लागत राहिली.

घर म्हणजे एक खोली आणि पुढं पत्र्याचं शेड. घरात भांडी आणि बाबासाहेबांचा फोटो, शेडात बाज. लातूरला येईपर्यंत सगळी वर्षं माणूस पत्र्याखाली झोपलं आणि सिमेंटच्या घरात भांडी राहिली. मी झाडलं, पाणी भरलं, गॅसची टाकी जोडली, गोळ्यांची पाकिटं सकाळ-संध्याकाळ लिहून खिळ्याला लावली. जेवढं करता येईल तेवढं केलं, म्हणजे निघताना कमी वाईट दिसावं. प्रिया बाजेवर उड्या मारत होती.

"पुनम," सासूबाई म्हणाल्या. नावानं त्या मला फार क्वचित हाक मारतात. "त्या व्हिडूत तू सांगितलंस ना, जवळचं लांब जात न्हाई म्हनून."

"हो."

"ते लेकरांला खोटं कामून सांगितलंस?"

मी म्हणाले, ते खोटं नाही आई, ते सिद्ध झालेलं आहे. "आसंल," त्या म्हणाल्या. "तुमच्या तितं आसंल." त्यांनी प्रियाला उचललं, दोन्ही गालांचे मुके घेतले आणि खाली ठेवलं. लगेच ठेवलं, गरम भांडं ठेवावं तसं. आम्ही निघालो तेव्हा त्या दारात थांबल्या नाहीत, आत जाऊन भांडी लावायला लागल्या. रस्त्याच्या वळणापर्यंत भांड्यांचा आवाज येत होता.

एसटी गेली होती. फाट्यावर लातूरची जीप मिळाली, मधल्या सीटवर. जीप हलली आणि प्रिया रडायला लागली. आजी, आजी, करत, खिडकीच्या काचेला तोंड लावून, मागं बघत. मला ते अपेक्षित होतं. त्यासाठी मी कुरकुरे आणि बिस्किटं घेतली होती, मनाशी दोन गोष्टी तयार केल्या होत्या. रडू दे, म्हटलं, मोकळी होईल. दहा मिनिटं झाली असतील. औशाच्या अलीकडे तिचं रडणं थांबलं, हळूहळू नाही, एकदम. वळून नीट बसली. नाक स्वतःच पुसलं, फ्रॉक गुडघ्यावर ओढून घेतला. मी पुडा पुढे केला तर "नको" म्हणाली. आणि मग, खिडकीबाहेर बघत, स्वामी मिसला काही विचारावं तशा आवाजात:

"मम्मा, मला कधी सोडणार?"

"कुठं?"

"सोडतात तिथं."

मी म्हणाले, वेडी, तुला कशाला सोडू, तू माझी आहेस ना. आजी पण आपलीच आहे, ती फक्त तिच्या घरी राहणार. तुला कधीच नाही सोडणार मी. कधीच. मी हे दोनदा म्हणाले, बहुतेक तीनदा. तिनं मान हलवली. "बरं," म्हणाली. वर्गातली हुशार पोरं पटलं नसतानाही असंच म्हणतात, पुढचा प्रश्न विचारायचा नसला की. मग ती थोडी सरकली, खिडकीच्या बाजूला, बाहेरचं जास्त दिसावं म्हणून असेल.

औशाच्या स्टँडवर जीप थांबली. ड्रायव्हर मागं वळला. "ओ ताई, तेवढं लेकराला मांडीवर घ्या, एक सीट बसवायची हाय." मी हात पुढं केले, ये बाळा, म्हणाले. ती खिडकीची दांडी धरून बसली होती. "मी इथंच बसते," म्हणाली, मोठ्या माणसासारखी. "शिस्तीची हाय पोरगी," ड्रायव्हर हसला, "बसू द्या मग तितंच, मावशी मदी बसतीन." दार उघडलं, आणि एक जाडशी बाई, मांडीवर दोन पिशव्या आणि एक केरसुणी घेऊन, उसासा टाकत आमच्या दोघींच्या मधे बसली. "सरक गं माय," ती मला म्हणाली. मी सरकले. जीप चालू झाली. मी दोनदा पुढं वाकून पलीकडं पाहिलं, पण पिशव्यांच्या आड मला काही दिसलं नाही.